सोबतीचं तिकीट

(तिरुवैयारु येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावरहून इथे यायचं तर 13 किलोमीटरचा रस्ता आणि पाच पूल. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावच या पाच नद्यांवरून पडलेलं. टाउन बसमध्ये चढलं, खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले, की कावेरीच्या पुलावर जाग येते. तुम्हाआम्हाला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

आता हाच प्रवास मनाचा आजार असलेला माणूस कसा करतो ते पाहू. महिन्याची औषधं संपत आली आहेत आणि ती तंजावरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून आणायची आहेत. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी अंग जड झालेलं असतं, उठायला उशीर होतो आणि ओळखीच्या कंडक्टरची बस निघून जाते. पुढच्या बसला तुडुंब गर्दी. ज्याला आवाज ऐकू येतात, त्याला त्या गर्दीत आपल्याच नावानं कुजबुज चाललेली ऐकू येते. ज्याला मंत्रचळ आहे त्याला वरचा लोखंडी दांडा धरवत नाही, आणि दांडा न धरता उभं राहता येत नाही. ज्याला भीतीचे झटके येतात त्याची छाती बस पुलावर अडकली की भरून येते, घाम फुटतो, आणि तो मधल्याच थांब्यावर उतरून पडतो. नैराश्यात खोल गेलेला माणूस तर थांब्यापर्यंतही पोचत नाही. चपला घालून ओसरीवर बसतो, आणि तासाभरानं चपला काढून आत जातो. या चौघांचेही पाय धडधाकट आहेत. हाडाच्या डॉक्टरनं तपासलं तर चौघांनाही तो ‘काही झालेलं नाही’ असंच सांगेल.

आज मला बोलायचं आहे ते यावर. प्रवासासाठी सरकार ज्या सवलती देतं, त्या मनाच्या आजारासाठी कुणाला मिळतात, कुणाला मिळत नाहीत, का मिळत नाहीत आणि मागायच्या कशा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ज्याला एकट्यानं प्रवास करता येत नाही, त्याच्या सोबत्याचं तिकीट हा त्याचा हक्क आहे. तो एकटा का जाऊ शकत नाही, पायांमुळे की डोळ्यांमुळे की मनामुळे, हा प्रश्न दुसरा. आधी तो जाऊ शकत नाही एवढं मान्य व्हायला हवं.

आपल्या देशात मानसिक आजार हे दिव्यांगत्व आहे ही गोष्ट नवी नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत मानसिक आजार होताच. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, 19 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला आणि सातांचे 21 प्रकार झाले. मानसिक आजार त्यातही आहे, व्याख्येसकट आहे. विचार, भावस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांत एवढा बिघाड, की रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवणं अवघड व्हावं, असा त्या व्याख्येचा आशय. त्याच कायद्याचं 41 वं कलम वाहतुकीविषयी आहे. म्हणजे कायद्याच्या पातळीवर दार उघडून तीस वर्षं होत आली.

आणि तरीही रेल्वेच्या सवलतींची यादी काढून पाहा. दिव्यांगांच्या चार वर्गांना भाड्यात सूट आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि पूर्ण मूकबधिर. पहिल्या तीन वर्गांना स्लीपर, द्वितीय श्रेणी, थ्री टियर एसी यांत 75 टक्के सूट, वरच्या वातानुकूलित वर्गांत 50 टक्के; मूकबधिरांना स्लीपर आणि द्वितीय श्रेणीत 50 टक्के; आणि सोबत जाणाऱ्या एकालाही तेवढीच. मार्च 2020 मध्ये करोनाच्या सुमारास रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेकांच्या सवलती काढून घेतल्या, तेव्हाही हे चार वर्ग राखले. रुग्णांचीही एक यादी आहे: कर्करोग, थॅलसेमिया, हृदयरोग, मूत्रपिंड, हिमोफिलिया, क्षय, सिकलसेल. दोन्ही याद्या वरपासून खालपर्यंत वाचा. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, यांतलं एकही नाव सापडणार नाही.

त्या यादीतले ‘सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. रेल्वेला हे माहीत आहे, की पाय शाबूत असूनही माणसाला एकट्यानं गाडीत बसता येत नाही असं होऊ शकतं. बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत तिनं ते मान्य केलेलंच आहे. म्हणजे तत्त्वाचा वाद संपलेला आहे. उरलाय फक्त कुठल्या निदानाला आत घ्यायचं याचा.

आरक्षणाच्या खिडकीवर पाहिलेला एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही. पंचविशी ओलांडलेला मुलगा, स्किझोफ्रेनिया, हातात सरकारी प्रमाणपत्र. आई त्याला उपचारांसाठी दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या शहरात नेत असे. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं प्रमाणपत्र दोनदा वाचलं, आपल्याकडची यादी वाचली, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, यात हा आजार बसत नाही. डॉक्टरांकडून मतिमंद असं लिहून आणा, मी लगेच देतो.” बाई म्हणाल्या, “अहो, तो एमएस्सी झालाय.” कारकून काही बोलला नाही. मुलगा मागे उभा राहून सगळं ऐकत होता. बाईंनी पर्स उघडली आणि दोन पूर्ण तिकिटं काढली.

खोटं लिहून आणलं तर सवलत, खरं आणलं तर नाही, अशी पाळी आपण त्या आईवर आणतो. आणि हे पैसे लहान नसतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांचा महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च होतो. शेतमजुराच्या घरात दीड हजार रुपये म्हणजे काय, हे या कावेरीच्या खोऱ्यात मी सांगायला नको. त्यात सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, तो वेगळाच. याच सर्वेक्षणानं दाखवलं, की निरनिराळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना आहेत. ते का येत नाहीत यावर आपण परिसंवाद घेतो. त्यातले कितीतरी केवळ बसमध्ये बसू शकत नाहीत म्हणून येत नाहीत, हे आपल्या मनातही येत नाही.

श्रोतेहो, ही मागणी तुमच्या गावाला परकी नाही. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर वाटसरूंसाठी जी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधली, ती मी या दृष्टीनं पाहतो. 1799 च्या तहानंतर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि या छत्रांचं काय होणार ही काळजी सरफोजीराजांना लागली. 1801 साली त्यांनी रेसिडेंट टोरिनसाहेबांना लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या व्यवस्थेचं वर्णन आहे. जात न पाहता सगळ्या वाटसरूंना अन्न. मध्यरात्री घंटा वाजवून हाकारा, की अजून कुणी उपाशी असेल तर यावं. वाटेत आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत ठेवून घ्यायचं, औषध आणि पथ्याचं जेवण द्यायचं, आणि हे सगळं आदरानं करायचं. पुढे 1802 मध्ये ओरत्तनाडला मुक्तांबाळ या स्त्रीच्या नावानं त्यांनी जे छत्र बांधलं, ते याच परंपरेतलं.

राजाच्या दानधर्माची स्तुती करायला मी हे सांगत नाही. त्या व्यवस्थेचा हिशेब मला पटतो, म्हणून सांगतो. रामेश्वरला पोचायचं तर वाट चालता आली पाहिजे. वाट चालायची तर पोटात अन्न, रात्री निवारा आणि आजारपणात कुणीतरी हवं. जो हे स्वतः उभं करू शकत नाही त्याच्यासाठी ते राज्यानं करायचं. छत्राच्या दारावर कुणी ‘तुझा कुठला अवयव अधू आहे’ असं विचारत नव्हतं. तू थांबला आहेस ना, तुला पुढे जायचं आहे ना, एवढंच पुरे होतं.

या मुलखातली घरं मनाच्या आजारासाठी प्रवास करत आलीच आहेत. त्रिचीजवळ कावेरीकाठी गुणशीलमचं वेंकटाचलपतीचं देऊळ आहे. एक मंडल, म्हणजे 48 दिवस, रुग्णाला घेऊन तिथे राहायची जुनी चाल आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीच्या दर्ग्यातही लोक असेच जात. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे एरवाडीतल्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. पंचवीस जण जागीच जळून गेले, आणि पुढे मृतांचा आकडा 28 वर गेला. सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, सरकारनं अशा जागा बंद केल्या, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 95 व्या कलमानं साखळीनं बांधणं बेकायदा ठरवलं.

मी एरवाडीचं नाव घेतलं, कारण साखळी तोडणं हे अर्धंच काम होतं. साखळी तुटली आणि माणूस घरी आला. पण तो घराबाहेर पडू शकेल अशी सोय आपण केली नाही. मग दार बाहेरून लावून घरची माणसं कामाला जातात, आणि त्या दारावर हे कलम लागत नाही. त्यांना मी निर्दय म्हणणार नाही. एकट्यानं सोडलं तर तो हरवेल ही त्यांची भीती खरी आहे, आणि सोबत जायचं तर त्या दिवसाची मजुरी जाते, हेही खरंच आहे.

दुसऱ्या बाजूनंही प्रयत्न झाले आहेत. डॉ. शारदा मेनन यांनी 1984 साली चेन्नईत स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, म्हणजे ‘स्कार्फ’, उभी केली. या संस्थेनं 2010 च्या सुमारास तुमच्या शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. बसमध्ये तपासणीची खोली, पडद्यावर चेन्नईतला मानसोपचारतज्ज्ञ आणि शेजारीच औषधांची खिडकी. माणूस दवाखान्यापर्यंत जाऊ शकत नाही ना, मग दवाखाना गावच्या झाडाखाली. मला हा फार मोठा विचार वाटतो. पण बस दवाखान्याचीच असते. त्या माणसाला लग्नाला जायचं असतं, मुलाखतीला जायचं असतं, आराधनेच्या दिवशी इथल्या संत-संगीतकार त्यागराजांच्या समाधीपुढे बसून त्यांच्या पंचरत्न कृती ऐकायच्या असतात. तिथे ही बस नेत नाही. उपचार मिळणं आणि जगात वावरता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दिव्यांगांच्या प्रवासाची सवलत यांतल्या दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

आता जरा लांबचं उदाहरण घेतो, कारण हाच वाद तिथे न्यायालयात लढला गेला. ब्रिटनमध्ये 2013 पासून दिव्यांगांना एक भत्ता मिळतो. त्याचा एक भाग रोजच्या जगण्यासाठी आहे आणि एक फिरण्यासाठी. फिरण्याचा भाग ठरवताना दोन गोष्टी पाहतात: एक, शरीरानं चालता किती येतं, आणि दोन, प्रवास ठरवून तो पार पाडता येतो का. या दुसऱ्या कसोटीला गुण आहेत. आठ गुणांना साधा दर, बारा गुणांना वाढीव. ओळखीच्या रस्त्यानंही दुसऱ्या माणसाशिवाय जाता येत नसेल तर पूर्ण बारा गुण. नोव्हेंबर 2016 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायाधिकरणानं सांगितलं, की तीव्र मानसिक त्रासामुळे कुणाला वाट काढता येत नसेल, तर तोही यात धरला पाहिजे. सरकार घाबरलं. खर्च वाढेल म्हणून मार्च 2017 मध्ये त्यानं नियमांत शब्द घातले: मानसिक त्रास सोडून इतर कारणांनी. एवढ्या शब्दांनी भीतीमुळे घरात कोंडलेली हजारो माणसं वाढीव दराबाहेर गेली. एका बाईनं दावा लावला. 21 डिसेंबर 2017 ला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मोस्टिन यांनी तो नियम उघडउघड भेदभाव करणारा ठरवून रद्द केला. जानेवारी 2018 मध्ये सरकारनं अपील करणार नाही असं जाहीर केलं आणि 16 लाख प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली. पुढच्या वर्षी, 30 ऑगस्ट 2019 पासून, इंग्लंडमध्ये अपंगांना गाडी लावण्यासाठी मिळणारा निळा बिल्लाही डोळ्यांना न दिसणाऱ्या आजारांसाठी खुला झाला.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या तपासण्या किती जाचक असतात याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. पण त्या नियमांतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. एखादं काम माणसाला ‘येतं’ असं म्हणायचं तर ते चार अटींवर: सुरक्षितपणे येतं का, धड येतं का, पुन्हापुन्हा येतं का, आणि वाजवी वेळात येतं का. आपल्याकडे डॉक्टर विचारतात, “बाहेर जातो का?” घरचे म्हणतात, “हो, जातो की.” संपलं. गेल्या महिन्यात एकदा गेला होता, तीन थांबे पुढे उतरला होता, रात्री शोधून आणला, आणि नंतर आठ दिवस अंथरुणात होता. हे कुणी विचारत नाही, आणि लाजेनं कुणी सांगतही नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि या सगळ्या वादात मला तेच सगळ्यात बळकट वाटतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता मिळतो. दिव्यांग कर्मचाऱ्यांना तो दुप्पट मिळतो. पूर्वी ही दुप्पट अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर अशा मोजक्यांना होती. सप्टेंबर 2022 मध्ये अर्थमंत्रालयानं नवं पत्रक काढलं, नव्या कायद्याच्या प्रकारांनुसार यादी वाढवली, आणि त्या यादीत ‘मानसिक आजार’ हे नाव स्पष्ट लिहिलं. म्हणजे एका मंत्रालयाचं म्हणणं, मानसिक आजार असलेल्या माणसाला कचेरीत पोचायला जास्त खर्च येतो, त्याला दुप्पट भत्ता द्या. त्याच सरकारची रेल्वे म्हणते, आमच्या यादीत हा आजार नाही. दिल्लीत दोन्ही मंत्रालयांच्या इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अर्थमंत्रालयानं मान्य केलं ते रेल्वेला का मान्य होऊ नये, हा साधा प्रश्न आपण खासदारांना, रेल्वेच्या विभागीय कचेरीला, प्रत्येक व्यासपीठावरून विचारला पाहिजे.

राज्यांचं बरं आहे, तुलनेनं. तमिळनाडूत 2021 पासून साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये स्त्रियांबरोबर दिव्यांग आणि त्यांचा सोबती यांनाही तिकीट नाही. तिकडे महाराष्ट्रात एसटीमध्ये दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सूट आहे, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर मदतनीसाला 50 टक्के. पण या सगळ्यांची किल्ली एकच: प्रमाणपत्र, आणि त्यावर किमान 40 टक्के. मनाच्या आजाराचे लोक अडतात ते इथे.

ही टक्केवारी ठरते ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीनं. भारतीय मानसोपचार संघटनेच्या समितीनं ती बनवली. तिच्यात चार गोष्टींना गुण आहेत: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार. त्यात गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने होता याचे एक ते चार गुण मिळवायचे. एकूण वीस. बेरीज सातच्या खाली राहिली तर 40 टक्क्यांच्या आत, सात ते तेरा मध्यम म्हणजे 40 ते 70 टक्के, त्यापुढे तीव्र. समजा, कुणी आंघोळ करतो, जेवतो, त्याला बोललेलं समजतं, पण नोकरी सुटली आहे आणि माणसं टाळतो. कामाला दोन, संबंधांना एक, आजार दीड वर्षाहून अधिक म्हणून चार. झाले सात. पास. आणि डॉक्टरांनी संबंधांना शून्य दिलं तर सहा, आणि हातात काही नाही. एका गुणावर माणसाचं फिरणं अवलंबून राहतं. आणि या चार गोष्टींत ‘घराबाहेर एकटा जाऊ शकतो का’ हा स्वतंत्र प्रश्नच नाही. मोजपट्टी बनवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी ती बनवली म्हणून मनाच्या आजाराला टक्केवारी तरी मिळू लागली. पण तिच्यात पाचवा प्रश्न यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तो येईपर्यंत काय करायचं? अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करायचा असतो. इथल्या बऱ्याच घरांत तो कुणीतरी भाचा-पुतण्या भरून देतो, ते ठीक. पण तपासणीला जाताना तो पुतण्या नको. रोज बरोबर राहणारी व्यक्ती हवी, आई, बायको, भाऊ, जी रात्री जागते ती. औषधांच्या चिठ्ठ्या आणि केसपेपर जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमानं लावा, कारण आजाराच्या महिन्यांचे गुण त्यांवरून ठरतात. कित्येकांच्या चिठ्ठ्या पावसाळ्यात भिजून गेलेल्या असतात. रुग्णालयातून नक्कल मागता येते, मागा. तपासणीआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: कुठे जायचं होतं, गेला का, कुणाबरोबर, वाटेत काय झालं, परत आल्यावर काय झालं. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा. तपासणीच्या दिवशी आजारी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, सरळ बसून, मोजकी उत्तरं देतो, आणि डॉक्टरांना वाटतं, हा तर छान आहे. ते पंधरा मिनिटं छान राहायला त्याला काय पडलं, ते वहीत असलं पाहिजे. आणि खोटं काही लिहायचं नाही. खऱ्यातच पुरेसं असतं.

प्रमाणपत्र नाकारलं, किंवा टक्केवारी कमी आली, तर 2016 च्या कायद्याच्या 59 व्या कलमाखाली अपील करता येतं. लोक तिथवर जात नाहीत. पहिला नकार म्हणजे शेवटचा शब्द असं धरून घरी येतात.

आता एक नाजूक गोष्ट. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे भरल्या बसमध्ये आपला आजार दाखवायचा. तिरुवैयारुसारख्या गावात, जिथे कंडक्टर तुमच्या मामाला ओळखतो, तिथे हे सोपं नाही. बहिणीचं लग्न ठरायचं असेल तर घरचेच म्हणतात, कार्ड काढू नकोस. काही जण स्वतःच ठरवतात, सवलत नको, पण हा शिक्का नको. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही. तो निर्णय ज्याचा आजार त्याचा. मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्याला दिलेला आहे, आणि काकांनी परस्पर अर्ज भरणं हा त्या हक्काचा भंग आहे, मग हेतू कितीही चांगला असो. पण सरकारलाही हे सांगायला हवं, की प्रवासाच्या कार्डावर आजाराचं नाव कशाला? ‘सोबतीसह प्रवासास पात्र’ एवढं छापलं तरी कंडक्टरचं काम होतं.

गैरवापराचा मुद्दा निघेल, दरवेळी निघतो. उदास वाटतंय म्हणून उद्या सगळेच फुकट फिरतील, असं लोक म्हणतात. ज्या समाजात मुलाला मनाचा आजार आहे हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, तिथे तिकिटाच्या सवलतीसाठी तो आजार अंगाला लावून घ्यायला किती जण सरकारी मानसोपचारतज्ज्ञापुढे जाऊन बसतील? मला या भीतीत तथ्य दिसत नाही. उलट ज्यांना खरंच गरज आहे तेच पुढे येत नाहीत, याची काळजी करायला हवी.

सोबतीबद्दल एक राहिलं. सोबत म्हणजे पहारा, असं घराघरांत झालेलं असतं. वडील मुलाचं मनगट धरून त्याला बसमध्ये चढवतात, खिडकीकडे कोंडून बसवतात, कंडक्टरशी त्याच्या वतीनं बोलतात. एका तरुणीनं मला सांगितलं होतं, तिला आईबरोबर जायला नको वाटतं, मैत्रिणीबरोबर चालतं. मैत्रीण फक्त शेजारी बसते, आणि भीती आली की हळू आवाजात पुढच्या थांब्याचं नाव सांगते. बसमध्ये तिला एवढंच लागतं. म्हणून सोबती निवडायचा हक्क त्या व्यक्तीचा असावा. नियमांत ‘पालक’ असा शब्द न घालता ‘त्यानं निवडलेली व्यक्ती’ असा घालावा. आणि हळूहळू बरं वाटू लागलं, मैत्रिणीशिवाय एक थांबा जमू लागला, की सवलत लगेच काढून घेऊ नये. सवलत जाईल या भीतीनं माणूस एकट्यानं जाऊन पाहायलाच धजत नाही, असं झालं तर सवलतीनंच त्याला घरात ठेवल्यासारखं होईल.

रेल्वेकडे मागणी करायची तर तिचा मसुदा लांबलचक नको. ‘सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे’ हे शब्द यादीत आहेतच. त्यांपुढे ‘मानसिक आजार असलेले’ हे तीन शब्द घालावेत, आणि आधार म्हणून 2016 चा कायदा आणि अर्थमंत्रालयाचं सप्टेंबर 2022 चं पत्रक जोडावं. दिव्यांग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांकडेही तक्रार करता येते. 2016 च्या कायद्यानंच तो अधिकार दिलेला आहे. मराठी मसुदा मी बरोबर आणला आहे. इथल्या घरांना तो तमिळमध्ये आणि इंग्रजीत लागेल, तर ज्यांना तिन्ही भाषा येतात त्यांनी व्याख्यानानंतर पुढच्या रांगेत थांबावं. सही ज्यांची त्यांनीच करावी, त्यांच्या वतीनं कुणी करू नये. आणि ज्यांना नावाशिवाय मदत करायची आहे, त्यांनी भाषांतर करावं.